दाताला खनिज परत देताना

इनॅमल हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या वजनातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. उरलेल्यात पाणी आणि अगदी थोडी प्रथिने. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. हजारो स्फटिकांची एकेक जुडी, सुमारे पाच मायक्रोमीटर जाडीची, आतल्या डेंटिनपासून निघून दाताच्या पृष्ठभागापर्यंत जाते. अशा असंख्य जुड्या एकमेकींत गुंतून दाढेच्या टोकावर दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा थर तयार होतो. हे बांधकाम अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी करतात आणि दात हिरडीतून वर येतो तेव्हा त्या पेशी संपलेल्या असतात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलचा टवका उडाला तर तो पुन्हा घडवायला तिथे एकही पेशी उरलेली नसते.

दात दुरुस्त करणाऱ्या जैवसक्रिय द्रव्यांचा सगळा विचार या अडचणीपाशी सुरू होतो. लाळेशी किंवा दाताच्या जिवंत ऊतींशी रासायनिक व्यवहार करून तिथे खनिज बसवणारी, किंवा पेशींना खनिज बनवायला लावणारी ही द्रव्ये. दाढेत भरलेली चांदी किंवा साधे रेझिन खड्डा बुजवते आणि तिचे काम तिथे संपते. जैवसक्रिय द्रव्य भरल्यानंतर, चोळल्यानंतर किंवा लावल्यानंतर कामाला लागते. ते किती काम करू शकेल हे मात्र कीड कुठपर्यंत पोचली आहे यावर ठरते. जाहिरातींत नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते, आणि टूथपेस्ट बदलून दाढेतला खड्डा भरून निघेल या आशेवर रुग्ण महिनेच्या महिने घालवतात.

विरघळणे आणि परत बसणे

दाताचे खनिज दिवसभरात अनेकदा थोडे विरघळते आणि थोडे परत बसते. दातावरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, राहणारे जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यांतला सर्वांत बदनाम. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात माणसांच्या दातांवरच्या या थराचा पीएच मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास घेतो, असे त्यांना दिसले. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल खनिज सोडू लागते. डेंटिन त्याहून नाजूक. ते सहाच्या वरच हार मानते. हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडलेल्या वृद्धांच्या दातांना कीड झपाट्याने लागते ती यामुळे. जेवणात एकदा खाल्लेली पुरणपोळी दाताला तितकी महागात पडत नाही, जितका दिवसभर थोडा थोडा प्यालेला गोड चहा पडतो. पहिल्या घोटानंतरचा पीएच सावरायच्या आत दुसरा घोट आलेला असतो.

या झिजेची भरपाई करते ती लाळ. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट गरजेपेक्षा जास्त विरघळलेले असतात, बायकार्बोनेट आम्लाचा जोर कमी करते आणि स्टॅथेरिनसारखी प्रथिने ही खनिजे भलत्या ठिकाणी साचू देत नाहीत. आम्लाने मऊ पडलेले इनॅमल लाळेच्या सहवासात पुन्हा कडक होते, हे जोसेफ हेड या अमेरिकी दंतवैद्याने १९१२ सालीच नोंदवले होते. लाळेचे मोल कळते ते ती आटल्यावर. डोके आणि मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या लाळग्रंथी निकामी होतात आणि वर्षानुवर्षे धडधाकट असलेले दात काही महिन्यांत मुळाशी किडू लागतात. नैराश्यावरच्या आणि इतर अनेक आजारांवरच्या औषधांनीही तोंड कोरडे पडते.

विरघळणे आणि परत बसणे यांचा हिशेब सतत तोट्यात राहिला की दातावर पांढरा, खडूसारखा निस्तेज डाग उमटतो. ही किडीची पहिली पायरी. ती नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही. दंतवैद्य दात स्वच्छ करतात, हवेच्या नळीने सुमारे पाच सेकंद कोरडा करतात, आणि मग ओल्या दातावर न दिसलेला डाग हिरडीच्या कडेला किंवा दाढेच्या खाचेत उठून दिसतो. ओल्या दातावरही डाग दिसत असेल तर खनिज अधिक खोलपर्यंत नाहीसे झालेले असते. या डागाची रचना चमत्कारिक आहे. वाळवी लागलेल्या दाराचा रंग शाबूत राहावा आणि आतले लाकूड पोकळ व्हावे, तसा वरचा पातळ थर बऱ्यापैकी टिकलेला असतो आणि त्याच्या खालचे इनॅमल सच्छिद्र झालेले असते. वरचा थर टिकला आहे तोवर आत शिरलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट जुन्या स्फटिकांवर बसू शकतात. तो कोसळून खड्डा पडला की जिवाणूंना ब्रश न पोचणारी जागा मिळते आणि खनिजाला बसायला सांगाडा उरत नाही. टोकदार शलाका जोराने टोचून डाग तपासण्याची जुनी सवय दंतवैद्यकाने सोडली ती म्हणूनच. त्या टोचण्याने वरचा थरच फुटतो.

फ्लोराइड: जुने, पण अजून पहिले

नवे कोणतेही द्रव्य आले तरी त्याची तुलना शेवटी फ्लोराइडशी होते. त्याची कथा अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे सुरू झाली. फ्रेडरिक मकाय या तरुण दंतवैद्याने १९०१ मध्ये तिथे दवाखाना थाटला तेव्हा गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि त्या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागत होती. पाण्यातले फ्लोराइड हे याचे कारण असल्याचे १९३१ मध्ये सिद्ध झाले. जानेवारी १९४५ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दातांची कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली.

फ्लोराइड पोटात जाऊन दात मजबूत करते, असा समज बराच काळ होता. आता हे स्पष्ट आहे की त्याचे मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर, लाळेत आणि जिवाणूंच्या थरातच होते. आम्लाचा हल्ला चालू असताना तिथे फ्लोराइडचा अंश हजर असेल तर खनिज कमी विरघळते, आणि परत बसताना ते फ्लोरअपॅटाइटच्या रूपात बसते. हे रूप पीएच ४.५ च्या आसपास उतरेपर्यंत तग धरते. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा रोज थोडे देणे जास्त उपयोगी. रात्री ब्रश केल्यावर पेस्ट थुंकावी, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये, हा सल्ला त्यातूनच येतो. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १००० भाग अशी आहे. दवाखान्यात दातावर लावायचे व्हार्निश याच्या वीसपटीहून अधिक तीव्र असते. ते दातावर चिकटून राहून काही तास फ्लोराइड सोडत राहते.

महाराष्ट्रात फ्लोराइडची दुसरी बाजूही आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यातला किनवटचा परिसर इथल्या अनेक विहिरी आणि बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. पक्क्या दातांचे इनॅमल घडत असते त्या पहिल्या सात-आठ वर्षांत याहून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिले तर दातांवर पांढरे पट्टे, पुढे तपकिरी डाग आणि खळगे येतात. किडीचा पांढरा डाग आणि हा डाग यांत गल्लत होते. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात आणि दातभर पसरलेले असतात. किडीचा डाग प्लाक साचतो तिथे, हिरडीच्या काठाशी असतो. अशा गावांत प्रश्न पाण्याचा असतो आणि तो पाणी बदलूनच सोडवावा लागतो. खनिज देणारी कोणतीही पेस्ट तिथे उपाय ठरत नाही.

फ्लोराइडची एक मर्यादा रसायनशास्त्रातच आहे. फ्लोरअपॅटाइटच्या एका घटकात फ्लोराइडचे दोन आयन असतात, पण कॅल्शियमचे दहा आणि फॉस्फेटचे सहा लागतात. म्हणजे फ्लोराइड कितीही दिले तरी बाकीचा माल लाळेतूनच यायला हवा. लाळ कमी असेल तर काम अडते. शिवाय तीव्र फ्लोराइडने डागाचा वरचा थर लवकर बंद होतो आणि आतला सच्छिद्र भाग तसाच राहू शकतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटही बरोबर द्यावे, या विचाराने नवी द्रव्ये आली.

काचेतून हाड, काचेतून दात

त्यांतली सर्वांत विलक्षण गोष्ट जैवसक्रिय काचेची आहे. लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठात काचेवर काम करणारे पदार्थवैज्ञानिक होते. किरणोत्सर्ग सोसणाऱ्या काचा हा त्यांचा विषय. १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला अमेरिकी लष्करातला एक कर्नल बसला होता. हेंच यांचे काम ऐकून त्याने विचारले की किरणोत्सर्गात टिकणारा पदार्थ बनवता येतो, तर माणसाच्या शरीरात टिकणारा का नाही? युद्धात जखमी सैनिकांचे हातपाय तोडावे लागत होते, कारण धातूचे आणि प्लास्टिकचे भाग शरीर परके म्हणून नाकारत होते.

हेंच यांनी विचार केला तो हाडाच्या घटकांवरून. शरीराला ओळखीचे असलेले कॅल्शियम आणि फॉस्फरस काचेतच घातले तर? १९६९ मध्ये तयार झालेल्या काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका होती, सोडियम आणि कॅल्शियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी साडेचोवीस टक्के आणि फॉस्फरसचे ऑक्साइड सहा टक्के. ४५एस५ हे तिचे नाव. टेड ग्रीनली या शल्यचिकित्सकाने तिचे छोटे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेल्यावर निघेनात. काच आणि हाड एकजीव झाले होते. मानवनिर्मित पदार्थाने जिवंत हाडाशी असे नाते जोडल्याचा तो पहिला पुरावा. या काचेचे पहिले उपयोग मधल्या कानातल्या हाडांच्या जागी आणि दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजू नये म्हणून झाले.

खिडकीच्या काचेत सिलिका बरीच जास्त असते, म्हणून ती पाण्यात वर्षानुवर्षे तशीच राहते. ४५एस५ मध्ये सिलिका मुद्दाम कमी ठेवलेली असल्याने तिचे जाळे सैल असते. ओलावा लागताच काचेतले सोडियम बाहेर पडते आणि पाण्यातले हायड्रोजन आयन आत शिरतात. त्यामुळे आजूबाजूचा पीएच वाढतो आणि काचेच्या पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट आधी आकारहीन साचतात, मग त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक हाडातल्या आणि दातातल्या अपॅटाइटच्या जातीचेच असतात.

हीच काच बारीक दळून टूथपेस्टमध्ये घालण्याची कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातच पुढे आली आणि नोव्हामिन या नावाने बाजारात आली. ही पेस्ट बनवताना पाणी अजिबात वापरता येत नाही, कारण पाणी लागले तर काच ट्यूबमध्येच काम सुरू करेल. म्हणून तिचा गर ग्लिसरीनचा असतो. ब्रश करताना लाळ मिसळते आणि तेव्हा काच जागी होते.

तिचा सर्वांत भरवशाचा उपयोग कीड बरी करण्यात नसून थंड पाण्याची कळ थांबवण्यात दिसला आहे. डेंटिनमध्ये एक ते अडीच मायक्रोमीटर व्यासाच्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. इनॅमल झिजले किंवा हिरडी सरकली की नलिकांची तोंडे उघडी पडतात. थंड, गरम किंवा आंबट लागले की आतला द्रव हलतो आणि मगजातल्या, म्हणजे दाताच्या गाभ्यातल्या जिवंत ऊतीतल्या, नसा ते दुखणे म्हणून कळवतात. स्वीडिश संशोधक मार्टिन ब्रॅन्स्ट्रॉम यांचा हा सिद्धान्त आज मान्य आहे. मिश्री घासणाऱ्या, राखुंडीने किंवा कडक ब्रशने दात रगडणाऱ्या माणसांत दातांच्या मानेशी पडलेली खाच आणि तिथली शिवशिव नेहमीची. काचेचे कण या नलिकांच्या तोंडाशी बसतात, तिथेच खनिज साचवतात आणि तोंड बंद करतात. पोटॅशियमच्या क्षारांप्रमाणे नसा बधिर करण्यावर हा उपाय अवलंबून नसतो. किडीच्या पांढऱ्या डागावर मात्र याच पेस्टचे फ्लोराइडपेक्षा सरस असे ठोस पुरावे अजून जमलेले नाहीत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात रॉबर्ट हिल यांच्या गटाने फ्लोराइड काचेच्या जाळ्यातच गुंफून आणि फॉस्फेटचे प्रमाण वाढवून पुढची काच बनवली. ती सावकाश विरघळते आणि थेट फ्लोरअपॅटाइट तयार करते.

दुसरी वाट दुधातून आली. चीज खाल्ल्यावर दातांना कीड कमी लागते या निरीक्षणाचा पाठपुरावा मेलबर्न विद्यापीठातल्या एरिक रेनॉल्ड्स यांनी केला. दुधातल्या केसीन प्रथिनाचे काही तुकडे कॅल्शियम फॉस्फेटला नॅनोमीटर आकाराच्या पुंजक्यांत धरून ठेवतात आणि ते घट्ट होऊ देत नाहीत. हे पुंजके प्लाकमध्ये साठतात आणि पीएच घसरला की कॅल्शियम सोडतात. दातांना तारा लावलेल्या मुलांत ब्रॅकेटांभोवती पांढरे डाग पडतात, तिथे दंतवैद्य हे पुंजके असलेले मलम बरेचदा देतात. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांनी ते वापरू नये. नुसते दूध न पचणाऱ्यांना ही अडचण नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तर नेमाने फ्लोराइड वापरणाऱ्याला यातून किती जास्त मिळते, याचे उत्तर ठाम होकाराचे येत नाही.

तिसरी वाट म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट स्वतःच नॅनो आकारात देणे. जपानमध्ये १९८० पासून अशी पेस्ट विकली जाते आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने तिला कीड रोखणारा घटक म्हणून मान्यता दिली. काही अलीकडच्या चाचण्यांत ती फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा कमी पडली नाही. लहान मूल पेस्ट गिळेल ही भीती तिच्याबाबत कमी. कणांचा आकार मात्र महत्त्वाचा. सुईसारख्या कणांबद्दल युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने सुरक्षिततेची शंका घेतली आहे.

खड्डा पडल्यावर

इनॅमल कोसळले की पेस्टची हद्द संपते. इथून पुढे द्रव्य भरावे किंवा लावावे लागते.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे जपानमध्ये १९६० च्या दशकात ओसाका विद्यापीठात विकसित झालेले द्रव. ३८ टक्क्यांच्या या द्रावातली चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड खनिज बसवायला मदत करते आणि मऊ पडलेले डेंटिन कडक होते. ना सुई, ना यंत्राचा आवाज. छोट्या ब्रशाने थेंबभर लावायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा. खुर्चीवर बसायला तयार नसलेले तीन वर्षांचे मूल, अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्यासाठी याहून सोपा उपाय नाही. तोटा एकच: थांबलेली कीड कायमची काळी पडते. पुढच्या दातांवर पालक नाराज होतात, मागच्या दाढांवर सहसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रव, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड भारतात अधिक वापरले जायला हवे.

ग्लास आयनोमर सिमेंट लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास शोधले. फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि पॉलीॲक्रिलिक आम्ल एकत्र घोटले की मिश्रण काही मिनिटांत घट्ट होते. त्याला दाताशी चिकटायला वेगळा गोंद लागत नाही. आम्लाचे गट थेट दातातल्या कॅल्शियमला धरतात. ते फ्लोराइड सोडते आणि पेस्टमधले फ्लोराइड पुन्हा शोषून साठवते. रेझिनइतके मजबूत नाही, चावण्याच्या जोराखाली झिजते. पण यो फ्रेंकन या डच दंतवैद्याने १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीजच नव्हती, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून हे सिमेंट बोटाने दाबून भरण्याची पद्धत बसवली. आज शाळांतल्या शिबिरांत तीच पद्धत उपयोगी पडते.

त्या पद्धतीने दंतवैद्यकाला एक मोठी गोष्ट शिकवली. पूर्वी किडलेला प्रत्येक कण काढून टाकणे हा नियम होता. डेंटिनची कीड मात्र दोन थरांची असते. वरचा थर जिवाणूंनी भरलेला, कोलॅजनचे धागे तुटलेला, ओल्या चामड्यापेक्षा मऊ. खालच्या थरात खनिज गेलेले असते, पण कोलॅजनचा सांगाडा शाबूत असतो आणि त्यावर खनिज पुन्हा बसू शकते. खोल किडीत मगजाजवळचा हा खालचा थर आता मुद्दाम राखला जातो, कडा मात्र पूर्ण स्वच्छ करून वर घट्ट झाकण बसवले जाते. अन्न तुटलेले जिवाणू तिथे थंडावतात.

मगज वाचवताना

मगजापर्यंत कीड पोचली की रूट कॅनॉल, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. इथेच जैवसक्रिय द्रव्यांनी सर्वांत मोठा फरक केला आहे, कारण मगजात पेशी जिवंत असतात. इनॅमल बांधणाऱ्या पेशी संपतात, पण डेंटिन बनवणारे ओडोंटोब्लास्ट आयुष्यभर मगजाच्या कडेला असतात, आणि ते मेले तर मगजातल्या मूळ पेशींतून त्यांच्यासारखे दुसरे तयार होऊ शकतात.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांचा प्रयोग या बाबतीत आजही पायाभूत आहे. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून मगज तोंडात उघडा सोडला. साध्या उंदरांत मगज सडला. जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र, भोकात अन्न अडकलेले असतानाही, मगजावर नव्या डेंटिनचा पूल तयार झाला. म्हणजे बरे होण्याची ताकद मगजातच आहे; औषधाने जिवाणूंना बाहेर ठेवायचे आणि पेशींना चालना द्यायची.

१९२० पासून यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात होते. ते पूल बनवायला लावते, पण त्या पुलात बोगद्यासारखी छिद्रे राहतात आणि औषध स्वतः हळूहळू विरघळून जाते. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचे सिमेंट आणले. त्याचा पाया म्हणजे घरबांधणीतले पोर्टलँड सिमेंट, शुद्ध केलेले, आणि एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून मिसळलेले बिस्मथ ऑक्साइड. घर बांधणारे सिमेंट पाण्यात घट्ट होते, हाच गुण रक्त आणि ओलावा असलेल्या जागी मोलाचा ठरला. घट्ट होताना ते कॅल्शियम सोडते, पीएच १२ च्या वर नेते आणि ऊतींतल्या फॉस्फेटशी मिळून अपॅटाइटचा थर जमवते. त्याखाली बनणारा डेंटिनचा पूल जाड आणि सलग असतो. अडचणी दोन: घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात, आणि बिस्मथमुळे दात करडा पडतो.

२००९ नंतर बायोडेंटिन या फ्रेंच द्रव्याने दोन्ही अडचणी बऱ्याच दूर केल्या. त्यात शुद्ध ट्रायकॅल्शियम सिलिकेट असते, बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आणि द्रवात कॅल्शियम क्लोराइड. कॅप्सूलमधल्या पुडीत द्रवाचे पाच थेंब टाकायचे, यंत्रात ३० सेकंद घुसळायचे. साधारण बारा मिनिटांत ते घट्ट होते.

प्रत्यक्ष उपचारात द्रव्याआधीच्या काही मिनिटांना जास्त महत्त्व आहे. दातावर रबराची चादर लावून लाळ दूर ठेवली जाते. कीड काढताना मगज उघडा पडून लाल ठिपका दिसला की सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर हलका दाबून ठेवतात. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबले, तर आतला मगज वाचण्याजोगा आहे असे मानून त्यावर सिमेंट ठेवतात. थांबत नसेल तर वरचा सुजलेला मगज थोडा कापून पुन्हा पाहतात. तरीही वाहत राहिले तर रूट कॅनॉलच करावे लागते. रात्री झोपमोड करणारा ठणका असलेल्या पक्क्या दाढांतही, वरचा मगज कापून खालचा राखण्याचे प्रयत्न आता यशस्वी होत आहेत. ज्यांच्या मुळांची टोके अजून पूर्ण बंद झालेली नाहीत अशा सात-आठ वर्षांच्या मुलांच्या पहिल्या पक्क्या दाढेत तर हे फार मोलाचे. मगज जगला तर मूळ पुढे वाढते आणि जाड होते, मेला तर ती वाढ तिथेच थांबते. ही सिमेंटे महाग आहेत आणि लहान गावांतल्या दवाखान्यांत सहजी नसतात. पालकांना या उपचाराची माहितीच नसल्याने मगज वाचू शकणाऱ्या दाढा काढल्या जातात.

प्रयोगशाळेतल्या वाटा

पुढचे संशोधन दोन दिशांनी चालले आहे. एक दिशा पेशींना अधिक कामाला लावण्याची. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये टायडग्लुसिब हे मेंदूच्या आजारासाठी तपासले गेलेले औषध कोलॅजनच्या छोट्या स्पंजात भिजवून उंदरांच्या दाढेच्या भोकात ठेवले. स्पंज विरघळत गेला तसे त्या जागी नैसर्गिक डेंटिन भरले. उंदराच्या दाढेतले भोक माणसाच्या खड्ड्यापेक्षा फार लहान असते, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरी दिशा पेशींशिवाय इनॅमल घडवण्याची. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात तयार झालेले पी११-४ हे पेप्टाइड द्रवरूपात पांढऱ्या डागाच्या छिद्रांत शिरते, तिथल्या आम्लधर्मी वातावरणात स्वतःहून धाग्यांचे जाळे विणते आणि त्या जाळ्यावर लाळेतले कॅल्शियम बसते. प्रयोगशाळेबाहेर पडून दवाखान्यात पोचलेले या जातीचे ते पहिले द्रव्य. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जेनेट मोराडियन-ओल्डॅक यांनी इनॅमल घडताना पेशी वापरतात ते अमेलोजेनिन प्रथिन जेलमध्ये घालून स्फटिकांना शिस्तीत वाढवण्यावर अनेक वर्षे काम केले आहे. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठात तांग रुईकांग यांच्या गटाने २०१९ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म पुंजके वापरून दातावर खऱ्या इनॅमलसारखी रचना असलेला थर वाढवला. त्यातले स्फटिक खालच्या स्फटिकांच्याच दिशेने वाढले आणि कडकपणाही जवळजवळ तितकाच भरला.

तो थर ४८ तासांत तीन मायक्रोमीटरहूनही कमी जाड झाला. दाढेच्या टोकावरचे इनॅमल त्याच्या जवळजवळ हजारपट जाड असते. प्रयोग काढलेल्या दातांवर, भांड्यातल्या द्रावात झालेला होता; तिथे जीभ फिरत नव्हती, प्लाक साचत नव्हता, चावण्याचा जोर नव्हता आणि दिवसातून चार वेळा चहा येत नव्हता. असा थर तोंडात काही तासांच्या अवधीत, लाळ दूर ठेवून बसवता येईल का आणि तो चावण्याखाली किती वर्षे टिकेल, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच ठरायचे आहे. तोवर पडलेला खड्डा भरण्याचे काम सिमेंट आणि रेझिन यांच्याकडेच राहील.